फंडिंग फीबद्दलच्या आपल्या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या गृहकर्जावरील फंडिंग फीबद्दलचा आपला एक ताऱ्याचा अभिप्राय मी आणि माझ्या पत्नीने वाचला. गृहकर्ज मिळवून देणाऱ्या ब्रोकरचे हे कार्यालय आम्ही दोघेच चालवतो. क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, आठवड्यात आपल्या फोनना वेळेवर उत्तर मिळाले नाही, याबद्दल मनापासून क्षमस्व. परंतु "मित्राला २.१५ टक्के फी लागली, माझ्याकडून ३.३ टक्के घेतली, मधले ४,६०० डॉलर ब्रोकरने खिशात घातले, मराठी माणसानेच मराठी माणसाला फसवले" हे आपले वाक्य वाचून गप्प बसणे आम्हाला शक्य नाही. सॅन अँटोनियोत आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे एकमेकांच्या शब्दावर येतात, आणि असे एक वाक्य आमच्या पोटावर येते.

आपल्यासारखे कर्ज व्हीए, म्हणजे अमेरिकेचे माजी सैनिक व्यवहार खाते, स्वतः देत नाही, ते खासगी संस्था देते आणि त्यातील काही भागाची हमी व्हीए घेते. १९४४ च्या जीआय बिल या सैनिकांच्या सवलतींच्या कायद्यापासून ही व्यवस्था चालत आलेली आहे. या हमीमुळेच आपल्याला डाउन पेमेंट न भरता घर घेता आले आणि दरमहा मॉर्गेज इन्शुरन्सचा (कर्ज बुडाल्यास कर्जसंस्थेचे नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा) बोजाही पडला नाही. फंडिंग फी ही त्या हमीपोटी असते आणि तिचा दर कायद्याने ठरलेला असतो, त्यात एक पैसाही वाढवण्याचा किंवा घटवण्याचा अधिकार आम्हाला नाही. डाउन पेमेंट नसेल तर ७ एप्रिल २०२३ पासून पहिल्या वापराला २.१५ टक्के आणि त्यानंतरच्या प्रत्येक वापराला ३.३ टक्के असा हा दर आहे. आपल्या मित्राचे हे पहिलेच घर. आपण मात्र सेवेत असताना टेक्सासमधील किलीन येथे याच हमीच्या हक्कावर घर घेतले होते, आणि आपण स्वतःच अभिप्रायात त्याचा उल्लेख केला आहे म्हणूनच मी येथे ते लिहितो. ते घर विकून कर्ज फिटल्यावर आपले एन्टायटलमेंट, म्हणजे हमीचा हा हक्क, पूर्ण परत मिळाले हे खरे आहे, आणि बहुधा गैरसमज इथेच झाला असावा. हक्क परत मिळाला तरी तो आधी वापरल्याची नोंद पुसली जात नाही, आणि फी त्या नोंदीवरून ठरते.

चार लाख डॉलरच्या कर्जावर ३.३ टक्क्यांनी १३,२०० डॉलर होतात. ही रक्कम आपल्या इच्छेनुसार कर्जातच मिळवली गेली आणि क्लोजिंगनंतर कर्जसंस्थेने ती व्हीएकडे जमा केली. आमच्या खात्याला तिचा स्पर्शही झालेला नाही. लोन एस्टिमेटच्या, म्हणजे कर्जाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाच्या, दुसऱ्या पानावर हाच आकडा होता, क्लोजिंगच्या आधी हाती दिलेल्या कागदांतही तोच होता.

घराच्या किमतीच्या पाच टक्के, म्हणजे वीस हजार डॉलर, डाउन पेमेंट भरल्यास दुसऱ्या वापरालाही दर १.५ टक्क्यांवर येतो आणि ३,८०,००० डॉलरच्या कर्जावर फी केवळ ५,७०० डॉलर होते, हे मी आपल्याला पहिल्याच भेटीत सांगितले होते. कर्ज घटले असते तर कर्जसंस्थेकडून आम्हाला मिळणारे मानधनही घटले असते, तरीही सांगितले. मुलांच्या शिक्षणासाठी शिल्लक हाताशी ठेवण्याचा निर्णय आपला होता आणि तो समंजस होता. त्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण त्या निर्णयाची किंमत आमच्या माथी लबाडी म्हणून मारली जावी, याचे मात्र फार वाईट वाटते.

हा मजकूर वाचणाऱ्या इतर माजी सैनिकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई व्हीएकडून मिळत असेल तर ही फी माफ असते. दावा प्रलंबित असताना घर घेतले आणि पुढे भरपाई क्लोजिंगच्या आधीच्या तारखेपासून मंजूर झाली, तर भरलेली फी परत मागता येते. हा प्रश्न आम्ही प्रत्येक अर्जदाराला विचारतो, आपल्यालाही विचारला होता.

यापुढे फीचा हिशेब सुरुवातीलाच अधिक सोप्या मराठीत लिहून देण्याचा आणि क्लोजिंगच्या दिवसांत फोनची नीट व्यवस्था ठेवण्याचा आमचा प्रयत्न राहील.

आपल्या फाइलची संपूर्ण प्रत कार्यालयात आहे. शनिवारी सकाळी या, व्हीएकडे गेलेल्या रकमेची पावती कर्जसंस्थेकडून मागवून आपल्यासमोर ठेवतो. वहिनींनाही सोबत आणावे, कारण कागदांवर सह्या दोघांच्याही आहेत. पावती पाहून समाधान झाले तर तारे किती द्यायचे ते आपण ठरवावे, परंतु "फसवले" हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.