नानांचा ओटीपी

शेतात कापूस कमरेएवढा वाढला, की तो कापूसच आहे हे सरकारला पटवून द्यायचे दिवस येतात. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी तलाठी आप्पा गावात आले की पेरा लिहून घ्यायचे, आपण चहा पाजायचो, संपलं. आता ज्यानं पेरलं त्यानंच मोबाइल घेऊन शेतात जायचं आणि पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर पेरा लागतो. तो नसला तर पीकविमा अडतो, हमीभावानं कापूस घालणंही अडतं. योजना चांगलीच आहे. ती आखणाऱ्यांची आमच्या नानांशी ओळख नव्हती, एवढंच.

सातबारा नानांच्या नावावर, नंबर नानांचा, आणि तो नंबर बंडीच्या आतल्या खिशातल्या बटणांच्या फोनमध्ये. स्मार्टफोन माझा. शिवारात रेंज येते ती फक्त विहिरीजवळच्या निंबाखाली, म्हणून दोघं तिथे उभे राहिलो. टुंग वाजलं. नानांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून आकडे वाचले, मनातल्या मनात, आणि फोन परत खिशात घातला.

"नाना, ओटीपी सांगा."

"बँकमधली बाईनी सांगेल शे, कोनलेच सांगाना नही. पोरलेबी नही."

बँकवाल्यांनी इतकी जनजागृती केली, ती नेमकी आमच्या घरात सत्कारणी लागली. मी समजावतोय तोवर मुदत संपली, दुसरा ओटीपी आला, तोही खिशात गेला. शेवटी तडजोड झाली: नाना स्वतः आकडे टाकतील, मी निंबाकडे तोंड करून उभा राहीन.

पुढे फोटो. नाना टोपी सरळ करून सरीत उभे राहिले. फक्त पिकाचा लागतो म्हटल्यावर म्हणाले, "मन्हा कापूस, मन्ही जमीन, आन् फोटोमा मी नही?" त्यातून लाल्याचा प्रश्न निघाला. एका कोपऱ्यात पानं लाल पडली होती. भरपाई हवी तर तो कोपरा दाखवावा, पण भाचीच्या सोयरिकीची बोलणी चालू, फोटो कुठे फिरला तर काय अब्रू राहील? सरकार फोटो व्याह्यांना पाठवत नाही, हे मी शपथेवर सांगितलं.

एवढ्यात अ‍ॅपनं जाहीर केलं की तुम्ही निवडलेल्या गटाच्या बाहेर आहात.

नानांचा चेहरा उजळला. "मी काय सांगत होतो? आबानं बांध कोरेल शे!" चुलत्यांशी चाललेल्या बांधाच्या भांडणात नानांच्या बाजूनं आजवर कोणी साक्ष दिली नव्हती, आज थेट वरून उपग्रहानं दिली. त्यांनी पलीकडे पाहणी करत असलेल्या आबांना हाक मारली. आबा आले ते स्वतःचा फोन नाचवतच, कारण त्यांचा फोनही तेच म्हणत होता. दोघांचं म्हणणं खरं धरलं, तर दोन्ही सख्खे भाऊबंद भरदुपारी तिसऱ्याच कोणाच्या तरी शेतात उभे राहून भांडत होते. तो तिसरा शोधायला दोघं एकत्र निघाले. माझ्या आठवणीत इतकं सख्य पहिल्यांदाच. मी तेवढ्यात शेताच्या मधोमध जाऊन फोटो काढला, तो मुकाट चढला.

तक्रार करायची तर कोणत्या तोंडानं? देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. सुरुवातच इथून झाली म्हटल्यावर भोगायचंही आम्हीच.

मायचं दुखणं वेगळं. साक्षरता वर्गात कंदिलाखाली बसून ती सही शिकली, कारण अंगठेबहाद्दर म्हटलेलं तिला खपत नव्हतं. आता रेशन दुकानातलं मशीन सहीला विचारत नाही, अंगठाच मागतं. आणि कापूस वेचून वेचून, बोंडांचे काटे लागून, तो पार गुळगुळीत झालाय. दुकानात ओल्या फडक्याची, खोबरेल तेलाची सोय असते. कोणी म्हणतं केसांवर घासा, कोणी म्हणतं फुंकर मारा. मायचे डावे-उजवे दोन्ही अंगठे नापास झाले, तशी तिनं दुकानदाराच्या खिशातला पेन ओढला आणि पाटीवरच्या भावफलकाखाली, वेलांटीसकट, ठसठशीत सही ठोकली.

"काकू, हे पुसावं लागेल."

"पुस. मी परत करसू."

मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. मशीननं तिसऱ्यांदा लाल दिवा लावला, आणि दुकानदारानं काकूंना बसायला स्टूल दिलं.