तासाला चार हजार लिटर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सकाळी सव्वासहा ते सव्वासात एवढाच वेळ नळाला पाणी येते, आणि त्या एका तासात खडकवासल्याचे जे काही आमच्या वाट्याला येईल त्यात आंघोळी, भांडी, कपडे आणि नानांच्या कुंड्या असे सगळे भागवावे लागते. अशा घराच्या दिवाणखान्यात मी समुद्रातली प्रवाळे पाळण्यासाठी ठेवलेल्या एका काचेच्या टाकीत पंपांनी तासाला चार हजार लिटर खारे पाणी खेळवत असतो, ही गोष्ट माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, अजून पचलेली नाही. वास्तविक ते पाणी सगळे मिळून दोनशे लिटरच आहे. तेच तासाला वीस वेळा फिरते. हा हिशेब मी त्यांना समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "तेच तेच वीस वेळा फिरवायचं आणि त्याला काम म्हणायचं. तीस वर्षं कचेरीत फायली फिरवल्यात मी, मला नको शिकवूस."

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. गणिताने तिच्यात २५५ लिटर मावायला हवेत. परंतु खडक आणि वाळू आपापली जागा अडवून बसल्यावर पाण्याला दोनशेच्या आसपास उरतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे आणि मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे आमचा समुद्र पांढऱ्या पुडीच्या रूपाने बादलीतून येतो. तो आरओच्या पाण्यात विरघळवायचा, विशिष्ट गुरुत्व १.०२५ झाले की थांबायचे, म्हणजे समुद्र तयार झाला, अशी माझी कित्येक दिवस प्रामाणिक समजूत होती. समुद्र हलतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण तो पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखा प्राणी आहे. एकदा पाटावर बसला की तो उठून काही घेणार नाही. जे काही मिळायचे ते वाढप्याने पानापर्यंत आणले पाहिजे, आणि जेवणे झाली की उष्टी पानेही दुसऱ्या कोणीतरी उचलली पाहिजेत. टाकीत ही दोन्ही कामे प्रवाहाची असतात. अन्नाचे कण आणि प्राणवायू आणणे, अंगावरचा चिकट स्राव व विष्ठा वाहून नेणे, आणि प्रवाळाच्या त्वचेला बिलगून राहणारा स्थिर पाण्याचा पातळ थर सतत विस्कटत ठेवणे, हे सारे त्याने करायचे. वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोहोचलाच नाही तर तिकडचा पाहुणा उपाशी राहतो. आणि तो धावतच सुटला तर श्रीखंड पानात न पडता धोतरावर पडते. पंप निवडणे आणि बसवणे म्हणजे असा वाढपी शोधणे, जो कोणाला विसरत नाही आणि कोणाच्या अंगावरही जात नाही. ज्यांनी मुंजीत किंवा लग्नात पंगतीची व्यवस्था पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

माझ्याकडची प्रवाळे सगळी मऊ जातीची आहेत; अळंबीसारखी दिसणारी, बटणांच्या झुपक्यासारखी दिसणारी, आणि मधोमध छत्रीसारखे एक लेदर कोरल. खडक बांधणारी कठीण प्रवाळे आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यामुळे परदेशी चित्रफितींत दिसणाऱ्या त्या निळ्याजांभळ्या फांद्यांचा मोह मी धरला नाही. हे निदान प्रवाहाच्या बाबतीत माझ्या पथ्यावर पडले. तशा फांद्यांना टाकीच्या तीसचाळीस पट आणि त्याहूनही जास्त प्रवाह लागतो, असा हौशी मंडळींचा ठोकताळा आहे. मऊ प्रवाळांचे दहा ते वीस पटीत भागते. हे मला ठाऊक होते. तरीही दुकानदाराने, "साहेब, मोठाच घ्या, लहान घेतलात तर परत यावं लागेल," असे म्हणताच मी तासाला आठ हजार लिटरचा पंप घेऊन घरी आलो. परत जावे लागू नये म्हणून पुणेकर काय करील याचा नेम नाही.

तो पंप सुरू केल्यापासून पाच मिनिटांच्या आत टाकीत राजस्थान अवतरले. दोन महिने जपलेली बारीक वाळू उठली आणि उजव्या कोपऱ्यात तिची टेकडी झाली. डावीकडे तळाची काच उघडी पडली. अळंबीसारखी दोन प्रवाळे खडकावरून सुटून मागे कुठेतरी उडून गेली, छत्रीने अंग आवळून घेतले, आणि विदूषक माशांची जोडी खडकाच्या आडोशाला, अचानक आलेल्या वळवाच्या पावसात दुकानाच्या छपराखाली उभ्या राहणाऱ्या माणसांसारखी, गाडी कधी काढता येईल याचा अंदाज घेत उभी राहिली. मी पंप बंद केला. परत जावेच लागले.

दुसऱ्या खेपेला दोन हजारांचे दोन पंप आणले. एकाच दिशेने वाहणाऱ्या सरळ धारेपेक्षा दोन प्रवाह एकमेकांवर आदळून होणारी अस्ताव्यस्त खळबळ प्रवाळांना मानवते, हे मी एव्हाना शिकलो होतो. म्हणून दोन पंप दोन टोकांना समोरासमोर लावले. खळबळ झाली, आणि जिथे ती झाली त्याच्या बरोबर खाली वाळूत खड्डा पडला. मग दोघांना एकाच बाजूला बसवले, तेव्हा वाळू जागेवर राहिली. परंतु आठवडाभरात खडकामागे करड्या गाळाचा थर जमला आणि त्यावर लालसर जांभळी साय धरू लागली. जिथे प्रवाह मंद आणि घाण भरपूर, तिथे ही साय हमखास येते. एक पंप थोडा वर उचलला, तेव्हा पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा फुटून पाण्याला हवा मिळू लागली. आणखी बोटभर उचलला, तेव्हा तो हवाच ओढू लागला आणि टाकीत सोडावॉटर झाले.

पाण्यातला प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, हा या कामातला मुख्य जाच आहे. त्यावर उपाय म्हणजे माशांच्या कोरड्या खाद्याची चिमूट पाण्यात सोडायची आणि तिचे कण कुठे जातात, कुठे गरगरतात आणि कुठे निपचित पडतात ते पाहायचे. दिव्याखाली ते नीट दिसेनात, म्हणून मी रात्री खोली अंधारी करून बाजूने टॉर्च मारून पाहू लागलो. तिसऱ्या रात्री सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, जेवणाच्या टेबलावर पंख्याचा वारा येत नाही म्हणून तीन वर्षं सांगतेय मी. तो पंखा दोन फूट सरकवायला तुम्हाला सवड झाली नाही. आणि या बुरशीला वारा लागतोय की नाही ते बघायला रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन बसताय." ती बुरशी नसून प्राणी आहे, हे त्या वेळी सांगणे मला सुज्ञपणाचे वाटले नाही.

अशातच छत्रीने संप पुकारला. तिने आपले सगळे तंतू आत ओढून घेतले, वर एक मेणचट चकाकी आली आणि ती उदास होऊन बसली. मी पंप डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, खाली घेतला, वर घेतला. प्रवाह जास्त झाला असावा म्हणून कमी केला. कमी झाला असावा म्हणून वाढवला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका चहाला आले असता त्यांनी टाकीची पाहणी करून, "विसर्ग बरोबर आहे, कालव्याचा उतार चुकलाय," असा अभिप्राय दिला. नानांनी तिला दृष्ट लागल्याचे निदान केले. नवव्या दिवशी सकाळी त्या मेणचट थराचा एक पापुद्रा सुटला आणि प्रवाहाबरोबर वाहून गेला, आणि छत्री जणू काही झालेच नाही अशा थाटात उघडली. लेदर कोरल अधूनमधून अशी कात टाकते आणि तो पापुद्रा निघून जाण्यासाठी तिला उलट चांगला प्रवाह लागतो. म्हणजे नऊ दिवस मी ज्या तऱ्हेने पंप फिरवत होतो, त्यातली निम्मी फिरवाफिरव तिच्या मार्गात येत होती.

एप्रिलमधल्या एका रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती शहाळ्याच्या तळाशी नळी फिरवल्यावर होतो तशा आवाजाने. दिवाणखान्यात पाय टाकला तो थेट पाण्यात. हे पंप काचेच्या आतबाहेर बसणाऱ्या चुंबकाच्या दोन तुकड्यांनी धरलेले असतात, आणि माझ्या टाकीची काच बारा मिलिमीटरची असताना ते चुंबक दहा मिलिमीटरपर्यंतच्या काचेसाठी होते. डब्यावर तसे छापलेही होते, पण मी त्यावरचा फक्त लिटरचा आकडा वाचला होता. पकड सुटून पंप वायरीला लोंबकळत होता, त्याचे तोंड आकाशाकडे होते, आणि टाकीतला समुद्र तो इमानेइतबारे भिंतीवर, पडद्यावर आणि नानांच्या आरामखुर्चीवर शिंपत होता. वायरीला सॉकेटच्या खाली झोळ ठेवला होता, तेवढाच काय तो माझा शहाणपणा कामी आला. वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी टपकत राहिले. सकाळी काका पुन्हा आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि नारायण पेठेतल्या वाड्यात राहत होते, आणि त्या दिवसाची हकीकत त्यांनी आमच्या ओल्या सतरंजीच्या कडेला उभे राहून मला पाऊण तास ऐकवली. पडद्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते, ते तीन धुण्यांनंतरही पूर्णपणे गेलेले नाहीत.

जाड काचेचे चुंबक असलेले, ज्यांचा वेग यंत्र आपोआप कमीजास्त करते असे दोन पंप मग मी आणले. त्यांचा आकडा तेवढाच, चार हजार. पण समुद्राच्या लाटेसारखे ते आलटूनपालटून ढकलतात, त्यामुळे कोणाही प्रवाळाला कायम एकाच बाजूला वाकून बसावे लागत नाही. दोन्हींचे तोंड पुढच्या काचेकडे तिरके आणि किंचित वर असे ठेवले, म्हणजे धार काचेवर आदळून पसरते आणि कोणाच्याही तोंडावर जात नाही. छत्री प्रवाहात, अळंबी तळाशी आडोशाला. अठरा दिवस साय आली नाही, वाळू हलली नाही, आणि सौभाग्यवतींनीही पंख्याचा विषय काढला नाही. ही जागा हरवू नये म्हणून मी काचेवर बाहेरून काळ्या मार्करने चार बारीक खुणा केल्या.

पंपांवर चुन्याचा थर बसतो. तो व्हिनेगरमध्ये भिजवून काढावा लागतो, नाहीतर पंप कुरकुरू लागतात. म्हणून गौरीच्या आदल्या दिवशी सकाळी मी दोन्ही पंप काढून व्हिनेगरच्या बादलीत टाकले आणि हार आणायला मंडईत गेलो. परत आलो तेव्हा घरात प्रसन्न वातावरण होते. पाहुणे यायचे म्हणून सौभाग्यवतींनी आणि कन्येने मिळून टाकीची काच वर्तमानपत्राने घासून लख्ख केली होती. कन्या म्हणाली, "बाबा, काचेवर कसले तरी काळे डाग पडले होते. जाता जात नव्हते, शेवटी स्पिरिट लावून काढले."

मी हार टेबलावर ठेवले, दिवाणखान्याचे पडदे ओढून घेतले आणि टॉर्च कुठे ठेवला आहे ते विचारले.