फुकटाला दर्जा नसतो

परवाचा अपमान अजून ओला आहे, तोवर लिहून टाकतो.

आमचं एक ऑनलाइन मासिक आहे. आमचं म्हणजे मी, वेबसाइट सांभाळणारा एक मित्र, आणि शुद्धलेखन तपासणारी बायको (ती अधूनमधून मलाही तपासते). सामाजिक भान वगैरे आहे. यंदाचा अंक सफाई कामगारांवर. आमच्या गल्लीत सकाळी कचऱ्याच्या गाडीबरोबर येणाऱ्या एका ताईंची मुलाखत घेतली होती. त्या म्हणाल्या, "मोबाइल में नहीं भैया, कागज पे दो. सास को दिखाना है." म्हणून आठ पानांची प्रिंट काढायला इंदूरच्या खजूरी बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

पोराने फाइल उघडली. त्याचा कॉम्प्युटर हिंदीत, त्यामुळे माझ्या मराठीखाली लाल लाटा उसळल्या. एक शब्द सुटला नाही.

"भिया, ये तो पूरा गलत लिखा है."

"अरे, मराठी आहे ती."

"तो ठीक कर दूँ?"

आणि मागून आवाज आला, "करू द्या की. चांगला मुलगा आहे."

मागे एक काका उभे होते. हातात आधारकार्ड, पॅनकार्ड आणि विजेचं बिल, म्हणजे कुठल्या तरी कचेरीने त्यांनाही पिडलेलं होतं. तेवढ्यापुरती मला सहानुभूती वाटली. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि माझं मासिक माझ्या खांद्यावरून वाचायला घेतलं.

"सफाईवर आहे? छान. पण हे काय, 'हातमोजे फाटले तरी नवे मिळत नाहीत'? अहो, २०१७ पासून स्वच्छतेत इंदूर पहिलं येतंय. कशाला नजर लावता?"

"काका, ताईंनी सांगितलं ते लिहिलंय."

"त्या सांगतील हो. तुम्ही संपादक ना? मग गाळायचं." इथे त्यांनी 'गाळायचं' असं म्हटलं की पोह्यांतून मोहरी वेचावी. मग एकदम जवळ येऊन, हळू आवाजात: "आयएसएसएन आहे का?"

आहे. दिल्लीहून मिळतो, आठ आकडी असतो, फुकट असतो. नियतकालिकाला ओळख म्हणून एक नंबर, त्यापलीकडे त्यात काही नाही. पण हे ऐकताच काकांचा चेहरा सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री तळलेल्या कंदाचे गरम गराडू दिसल्यासारखा उजळला.

"माझी सून कॉलेजात शिकवते. बढतीसाठी तिला तीन लेख दाखवायचेत. तुम्ही किती घेता?"

"काही घेत नाही. जमलं तर आम्हीच लेखकाला मानधन देतो."

"देता?"

"थोडंसं."

काका बराच वेळ गप्प राहिले. पोरानेही माऊस थांबवला. मग काकांनी, शेजाऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकून बोलावं तशा आवाजात विचारलं, "मग दर्जा नसणार?"

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, पण त्यात 'बांधिलकी' हा शब्द दोनदा आला एवढं नक्की, आणि तो झेरॉक्सच्या दुकानात भारी विचित्र वाटतो. काका ऐकून घेत होते. "दुसरीकडे अडीच हजार घेतात," ते म्हणाले, "पण पंधरा दिवसांत छापून सर्टिफिकेट देतात. सोनेरी. तुम्ही सर्टिफिकेट देता?"

"नाही."

"बघा."

खरं सांगतो, मला चीड काकांची आली नाही. सुनेची बढती अडली आहे, तिला ज्यांनी या रांगेत उभं केलं ते दुकानात नव्हते. पण चीड कुठे तरी उतरायला हवीच होती, म्हणून मी पोरावर खेकसलो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला मानला जाणारा. त्यांना निदान कागद तरी होता, वाचून झाल्यावर रद्दीवाला तोलून घेणारा. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडलं तेव्हा लोक हळहळले. आमचं बंद पडलं तर 'हे डोमेन विक्रीला आहे' अशी पाटी येईल आणि कुणाला महिनाभर कळणार नाही. वर्षाकाठी सर्व्हरचं बिल डॉलरमध्ये येतं. वाचक "फार गरजेचं काम करताय" म्हणून कळवतात. वर्गणीचा दुवा त्याच पानावर, खालीच असतो. तिथवर बहुतेक त्यांचं बोट पोचत नाही. आणि ताईंना मुलाखतीचे आम्ही काय दिले? आठ पानांची प्रिंट. तीही अजून निघाली नव्हती.

निघाली एकदाची. ळ सगळे शाबूत होते. काकांनी वरचं एक पान उचललं, "घरी वाचतो निवांत, सुनेलाही दाखवतो," म्हणाले, त्याची नीट घडी घातली, आत आपली कार्डं सरकवली (बाहेर पाऊस भुरभुरत होता) आणि रस्ता ओलांडून राजवाड्याच्या बाजूला दिसेनासे झाले.

मी पानं मोजली. सात. गेलं ते पान सातवं, ताईंच्या फोटोचं.

"फिर से निकालूँ भिया?" पोराने विचारलं. "कलर का दस रुपया अलग लगेगा."