पेपर स्प्रे चालतो, पण कुठे आणि किती?

मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली की बहुतेक पालक एकदा तरी विचारतात, तिच्याजवळ पेपर स्प्रे दिला तर तो बेकायदा ठरेल का? ठरत नाही. भारतात तो विकत घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही आणि तो ऑनलाइनही उघडपणे मिळतो. विमानाच्या केबिनमध्ये मात्र नेता येत नाही. असे असूनही माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीचा स्प्रे महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर ‘हत्यार’ म्हणून काढून घेण्यात आला. त्याच महाविद्यालयामागच्या गल्लीतील दिवे कित्येक महिने बंद आहेत, त्याचे सोयरसुतक मात्र कोणालाच नाही.

कायद्याचा खरा प्रश्न स्प्रे बाळगण्याचा नसून वापरण्याचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या अधिकाराविषयी आहेत. शरीराला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण होताच हा अधिकार सुरू होतो, ती भीती असेपर्यंतच टिकतो आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. म्हणजे अंगावर येणाऱ्याच्या डोळ्यांत मारलेला फवारा आणि तो पळू लागल्यावर मागे धावत जाऊन मारलेला फवारा यांत कायदा फरक करतो. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मालमत्तेच्या एका वादात पेपर स्प्रेला घातक हत्यार मानून गुन्हा रद्द करण्यास नकार दिला होता, हे ध्यानात असलेले बरे.

वस्तूच्याही मर्यादा आहेत. डबा, वह्या आणि किल्ल्यांच्या खाली गेलेला स्प्रे ऐनवेळी सापडत नाही. मुदत उलटली की आतील दाब कमी होतो. वारा समोरून असेल तर फवारा आपल्याच तोंडावर येतो. बंद जागेत तर तो सगळ्यांनाच भोवतो. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत एका खासदाराने तो फवारला, तेव्हा काही सदस्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते. म्हणून मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून, एकदा तरी तो दाबून पाहावा.

एवढे करूनही स्प्रे उपयोगी पडतो तो मुख्यतः अनोळखी हल्लेखोरापुरता. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तो भर दिवसा आणि ओळखीच्या तरुणाकडून. तिला वाचवले ते धावून आलेल्या तरुणांनी. अंतर्गत गुण हातात असलेला प्राध्यापक त्रास देत असेल, तर तिथे पर्समधला स्प्रे काय कामाचा? त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाविरुद्धचे २०१५ चे विनियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची असते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थीही असतात. मुलीला स्प्रे जरूर द्या. पण प्रवेशाचे शुल्क भरताना त्या तिघांची नावे कार्यालयात विचारा आणि त्यांची निवडणूक कधी झाली तेही विचारा.