रुळांच्या फटीत दगड ठोकायला सांगणाऱ्या संदेशाविषयी

'कोकण रेल्वेने रुळांमधले सांधे वेल्डिंग करून बुजवले, त्यामुळे उन्हाळ्यात रूळ फुगून उखडतात. वैभववाडीचा अपघात त्यामुळेच झाला. हे वेल्डिंग म्हणजे निव्वळ फटाक्यांचे दारूकाम आहे. आणि कुठे फट दिसलीच, तर गावकऱ्यांनी तीत दगड ठोकून बसवावा,' असा संदेश सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरतो आहे. तो वाचून माझ्या मावशीने मे महिन्यातले आरक्षण रद्द केले आणि तिच्या शेजारची मुले फटी शोधायला रुळांवर निघाली होती, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

वैभववाडीजवळचा 22 जून 2003 चा अपघात दरड रुळांवर आल्याने झाला. वेल्डिंगचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. दारूकामाचे म्हणावे, तर रूळ जागेवर वेल्डिंगने जोडण्याच्या थर्मिट पद्धतीत ॲल्युमिनियम आणि लोहभस्म यांच्या अभिक्रियेतून तयार झालेले वितळलेले पोलाद, आधी तापवलेल्या रुळांच्या टोकांमध्ये साच्यातून ओततात, मग सांधा घासून त्याची श्रवणातीत ध्वनिलहरींनी तपासणी करतात.

आता उष्णतेचा मुद्दा. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि 30 अंशांनी तापला, तर तो सुमारे 35 सेंटिमीटर वाढेल, हे खरे आहे. परंतु लांब वेल्डेड रूळ, म्हणजे अनेक रूळ वेल्डिंगने जोडून केलेला अखंड रूळ, मोकळा नसतो. क्लिपा, स्लीपर आणि खडी मिळून त्याला धरून ठेवतात, त्यामुळे मधला भाग जागचा हलत नाही, हालचाल होते ती टोकांकडच्या साधारण शंभर मीटरांत, आणि न झालेल्या वाढीचा दाब रुळातच राहतो (मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात 30 अंशांना पन्नास टनांहून अधिक). हा दाब आवाक्यात राहावा म्हणून रूळ कोणत्या तापमानाला जखडायचा, हे रेल्वे नियमांनी ठरवून देते; 1996 च्या लांब वेल्डेड रुळांच्या नियमपुस्तिकेत ते असे होते: जड रुळांसाठी, त्या ठिकाणच्या रुळाच्या वार्षिक कमाल आणि किमान तापमानांच्या मध्याहून 5 ते 10 अंश वर. किनाऱ्यावर विदर्भाइतका तापमानाचा फरक नसतो, हेही लक्षात घ्यावे.

खडी कमी पडली किंवा कडक उन्हात रुळाखालची खडी उकरून काम केले, तर रूळ वाकू शकतो, आणि जागेवर केलेला थर्मिटचा सांधा कारखान्यातल्या सांध्याहून कमजोर असतो, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागेल. पण त्यावरचा इलाज देखभाल हा आहे, सांधे पुन्हा मोकळे करणे हा नव्हे. फिशप्लेटच्या, म्हणजे रुळांची टोके पट्टी आणि बोल्टांनी जोडलेल्या, सांध्यावर प्रत्येक चाक आदळते आणि बोल्टांच्या छिद्रांपासून तडे जातात.

सर्वांत घातक सूचना दगडाची आहे. वेल्डेड रुळाच्या टोकाला, बहुधा मोठ्या पुलाजवळ किंवा गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवण्याच्या जागेजवळ, विस्तारासाठी मुद्दाम खास सांधा बसवलेला असतो. त्यात निमुळता रूळ दुसऱ्या रुळाला चिकटून सरकतो, आणि तिथे दिसणारी फट ऋतूप्रमाणे कमीजास्त होणे अपेक्षितच असते. तीत दगड ठोकला, तर रुळांची हालचाल अडते, आणि दगड वर राहिला तर चाकाची कड त्यावर चढून डबा घसरू शकतो. म्हणजे ज्या अपघाताची भीती हा संदेश घालतो, तोच घडवून आणायला तो सांगतो. शिवाय विनापरवाना रुळांवर जाणे हाच 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. रूळ तुटलेला वाटला, तर लांबूनच जागा नीट पाहून ठेवावी आणि जवळच्या स्थानकाला, फाटकवाल्याला किंवा 139 क्रमांकावर ताबडतोब कळवावे.