आईच्या फोनची बॅटरी का फुगली

मागच्या मे महिन्यात अकोल्याला घरी गेलो होतो, तेव्हा आईच्या फोनची काच एका कडेने उचललेली दिसली. फट इतकी होती की नखाची कड सहज आत जावी. फोन टेबलावर उताणा ठेवला की तो भिंगरीसारखा गरकन फिरत असे, कारण मागचे झाकण मधोमध फुगलेले होते. तरीही फोन सुरू होता, आई त्यावर रोज बोलत होती आणि रात्री तो उशीशेजारी घेऊन झोपत होती, हे कळल्यावर मला खरोखरच धडकी भरली.

तिची चूक काय होती, असे विचाराल तर मी म्हणेन की काहीच नव्हती. फोन घेताना दुकानदाराने जे सांगितले, ते ती मनोभावे पाळत आली होती. "काकू, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका आणि एकदा लावली की शंभर टक्के झाल्याशिवाय काढू नका." हा सल्ला आजही घरोघरी दिला जातो आणि तो देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसते. तो मुळात निकेल-कॅडमियम बॅटरीसाठीचा सल्ला आहे. त्या बॅटऱ्या वारंवार अर्धवट वापरून पुन्हा भरल्या तर त्यांची क्षमता घटल्यासारखी होई, म्हणून त्या अधूनमधून पूर्ण उतरवणे योग्य होते. परंतु १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि आज आपल्या हातातल्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये तीच असते. ज्या तिघा शास्त्रज्ञांच्या कामातून ती घडली, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅटरी बदलून तीस वर्षे उलटली, सल्ला मात्र तोच राहिला, याची मला मनापासून खंत वाटते.

लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरलेली आणि पूर्ण उतरलेली ही दोन टोके सोसत नाहीत. बॅटरीतल्या एका सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) साधारण ४.२ व्होल्टला पोहोचला की ती भरली असे मानतात, काही नव्या फोनमध्ये तो याहून थोडा अधिक असतो. या वरच्या टोकाला बॅटरी तासन् तास राहिली की आतल्या द्रवाचे आणि इलेक्ट्रोडचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या थरांचे, नकोसे रासायनिक बदल वेगाने होतात. म्हणूनच रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन भरल्यावर विद्युतप्रवाह स्वतःच थांबवत असला, तरी पहाटेपर्यंत तो भरलेल्या अवस्थेत ताणलेलाच राहतो. दुसऱ्या टोकाला, वारंवार पार शून्यावर नेण्यानेही बॅटरी लवकर थकते, आणि उतरलेला फोन कपाटात महिनोन् महिने पडून राहिला तर पुढे तो चार्जिंगच घेईनासा होऊ शकतो. फोन ठेवूनच द्यायचा असेल तर निम्मा भरून, बंद करून, थंड जागी ठेवावा. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान दिवसातून दोनदा थोडे थोडे चार्जिंग केल्याने काहीही बिघडत नाही, कारण ५० टक्क्यांचे दोन वेळचे चार्जिंग मिळून चार्जिंगची एकच पूर्ण फेरी मोजली जाते.

पण माझ्या मते आपल्याकडे टक्क्यांपेक्षाही मोठा वैरी उष्णता आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते. ॲपल आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्या आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावेत असे सांगतात. अकोल्यात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या आसपास जातो. आईचा चार्जर ओट्याजवळच्या मिक्सरच्या प्लगला होता आणि गॅसची शेगडी तिथून जेमतेम दोन हातांवर. जाड रबरी कव्हर घातलेला फोन, चार्जिंगने तापलेला, भर दुपारी, वर पोळ्यांचा तवा. त्या बॅटरीने किती सोसले असेल याचा विचार केला की वाईट वाटते. दुचाकीच्या हँडलवर उन्हात फोन लावून दिवसभर नकाशा पाहणाऱ्या आणि त्याच वेळी पॉवर बँक जोडणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांच्या फोनचीही हीच गत होते, आणि त्यांचे तर पोटच त्या फोनवर आहे.

फुगलेली बॅटरी म्हणजे अशा नकोशा रासायनिक बदलांतून आत साचलेला वायू. ती दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये. फोन बंद करून, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून दुरुस्तीवाल्याकडे न्यावा, आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये, कारण कचऱ्याच्या गाडीत ती दबली तर आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानात "ही परत घेता का?" असे आग्रहाने विचारायला हवे.

आईच्या फोनला नवी बॅटरी बसवून घेतली आणि चार्जर ओट्यावरून बैठकीतल्या लाकडी टेबलावर नेला. पूजा आटोपली की दुपारचे ऊन चढण्याआधी ती कव्हर काढून फोन चार्जिंगला लावते आणि ऐंशीच्या जवळ आला की काढते. परवा शेजारच्या काकू "पूर्ण उतरू द्या हो" म्हणाल्या, तेव्हा आईने त्यांना बसवून घेतले आणि हे सगळे नीट समजावून सांगितले.