हनुक्काचे दिवे 'उसने' कसे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली. हनुक्का या यहुद्यांच्या आठ रात्रींच्या सणाच्या दिव्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "बेने इस्राएलींना हनुक्का ठाऊकच नव्हता. उसना सण आपला म्हणून मिरवता आहात. दिव्यांचा क्रमही चुकलाय. हे सगळं दिवाळीची नक्कल वाटतं. आजीच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. आधी अभ्यास करा, मग लिहा."

मतभेद असू देत, त्याचं काही नाही. पण जिला आपण कधी भेटला नाहीत, तिला 'मिरवता' म्हणायचं आणि वर अभ्यासाला बसवायचं? हे मला लागलं. ते मी लपवणार नाही.

क्रमाचं आधी सांगते. मेणबत्त्या रोज एकेक वाढवत उजवीकडून डावीकडे मांडत जायच्या, पण पेटवताना सगळ्यांत नवी, म्हणजे डावीकडची, पहिली. मी फक्त मांडण्याबद्दल लिहिलं होतं. वाक्य अपुरं होतं, मान्य.

आता 'उसना'. आमचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' झाले, शेमा ही यहुद्यांची मुख्य प्रार्थना विसरले नाहीत आणि हनुक्का त्यांच्याकडे नव्हता, हे लेखात मीच लिहिलंय. बिरड्याचा सण, खिरीचा सण अशी आमच्या सणांना मराठी नावं आहेत, हनुक्काला नाही, हेही लिहिलंय. तेच आपण मला नव्यानं ऐकवता. लेख वाचलात तरी का?

आणि आधी नव्हता म्हणून उसना कसा ठरतो? इ.स.पू. 164 मध्ये मक्कबी या यहुदी लढवय्यांनी यरुशलेमचं मंदिर परत मिळवून शुद्ध केलं, त्याची ही आठवण. तोरा, म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, त्याच्या कितीतरी आधीची, तिच्यात हा सण असणारच नाही. दिवे लावताना 'ज्यानं आम्हांला आज्ञा दिली' असा आशीर्वाद म्हणतात, तर तालमुद या धर्मचर्चांच्या ग्रंथातले रब्बी, म्हणजे धर्मपंडित, स्वतःच विचारतात, आज्ञा दिली कुठे? उत्तर असं की, धर्मगुरू सांगतील त्यापासून ढळू नका असं तोरा सांगते, त्यातच ही आज्ञा आली. म्हणजे हनुक्का प्रत्येक यहुद्याला कुणीतरी मागाहूनच सांगितलेला आहे. आम्हांला जरा जास्त उशिरा, एवढंच. शम्मई आणि हिल्लेल हे दोन जुने धर्मपंडित. शम्मईचे अनुयायी पहिल्या रात्री आठ दिवे लावून रोज एक कमी करत, हिल्लेलचे एकापासून वाढवत जात. आज सगळे हिल्लेलप्रमाणे लावतात. त्यांना कुणी उसनवारी करणारे म्हणत नाही.

माझी आजी अलिबाग तालुक्यातली. शुक्रवारचा दिवा ती काचेच्या पेल्यात लावायची, खाली पाणी, वर खोबरेल, मधे वात. ठाण्याला आल्यावर तिनं सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, हनुक्का पाहिला आणि घरी तशाच पेल्यांची रांग मांडली. शमाश, म्हणजे बाकीचे दिवे पेटवायचा जादा दिवा, त्याचा पेला उपड्या वाटीवर, बाकीच्यांहून उंच. त्या दिव्यांपाशी कुणी तांदूळ निवडायला बसलं की ओरडायची, कारण हनुक्काच्या उजेडात काम करायचं नसतं; कामाला पडला तर शमाशचा उजेड पडावा, म्हणून तो वेगळा. शुक्रवार आला की हनुक्काचे दिवे आधी, शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून लागणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचे, नंतर, कारण शब्बाथ लागल्यावर आग पेटवता येत नाही. यातलं एकही तिनं पुस्तकातून घेतलं नव्हतं, पण पुस्तकात पडताळून पाहा, सगळं तसंच सापडेल. माझा अभ्यास तिच्या मांडीवर सुरू झालाय, आणि त्याची मला लाज नाही.

दिवाळीच्या नकलेबद्दल उत्तर द्यावं इतका त्या मुद्द्यात दम नाही.

पुन्हा जरूर लिहा, पण लेख पूर्ण वाचून. आणि आजीला मधे आणू नका, ती उत्तर द्यायला आता नाही.